शिबिरात शुगर मोजली, पुढे काय? कारखान्यातल्या माणसाचं चयापचय सुधारायचं तर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. पगार, ग्रॅच्युइटी, कामाचे तास यांवर भरपूर चर्चा झाली, पण एक तरतूद थोडी मागे पडली: चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करून द्यायची. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांना सुचवलं होतं की कोणत्या पदार्थात किती तेल आणि किती साखर आहे, हे सांगणारे फलक दर्शनी भागात लावा. म्हणजे कर्मचाऱ्याची शुगर, बीपी आणि पोटाचा घेर हा आता फक्त त्याच्या घरचा विषय राहिलेला नाही.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेड, कुठल्याही एमआयडीसीत चला, आरोग्य शिबिर नवं नाही. सुरक्षा सप्ताहात मांडव पडतो, रक्त घेतात, पाकिटात रिपोर्ट येतो आणि तो ड्रॉवरमध्ये जातो. पुढच्या वर्षी तोच माणूस, तीच साखर, थोडी जास्त. मोजून साखर उतरत नसते. ती उतरायची असेल तर कॅन्टीनची कढई, शिफ्टचं वेळापत्रक आणि रिपोर्टनंतरचे सहा महिने, या तीन ठिकाणी हात घालावा लागतो. हा लेख त्या तीन ठिकाणांबद्दल आहे. आधी शरीरात काय होतं ते पाहू.

## चयापचय बिघडतं म्हणजे काय होतं

खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढणं, लागेल तेवढी वापरणं आणि उरलेली साठवणं, या सगळ्या कारभाराला चयापचय म्हणतात. लातूरच्या मोंढ्यातलं गोदाम डोळ्यांसमोर आणा. भाकरी, भात, चहातली साखर यांचं शेवटी ग्लुकोज होतं आणि ते रक्तात येतं, हंगामात तुरीची पोती यावीत तसं. ही पोती उचलून आत लावणारा हमाल म्हणजे इन्सुलिन. गोदामं मुख्यतः दोन: यकृत, जिथे साधारण १०० ग्रॅम साखर मावते, आणि स्नायू, जिथे ४०० ग्रॅमच्या आसपास. स्नायू काम करत असले की माल खपतो आणि जागा होत राहते. माल खपतच नाही आणि गाड्या येतच राहिल्या, तर गोदाम तुडुंब भरतं. मग तेवढ्याच पोत्यांसाठी शरीराला जास्त हमाल लावावे लागतात.

ही अवस्था काही वर्षं टिकते, आणि खरी फसगत इथेच आहे. रक्तात इन्सुलिन वाढलेलं असतं, पण रिपोर्टमध्ये साखर नॉर्मल दिसते. जागा न मिळालेल्या साखरेची यकृत चरबी करून ठेवतं. ती यकृतात आणि पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठते, आणि इन्सुलिनचं काम आणखी अवघड करते. याला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. शेवटी इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड थकतं, पोती आत जायची थांबतात आणि रक्तातच पडून राहतात. ज्या दिवशी रिपोर्टवर मधुमेह लिहून येतो, त्याच्या कित्येक वर्षं आधी हे सगळं सुरू झालेलं असतं.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचा अर्धा लेख तिच्यावर उभा आहे. चालताना किंवा वजन उचलताना आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. म्हणून जेवणानंतरची दहा मिनिटं चालणं हा औषधासारखाच नेमका उपाय आहे, आणि तो कामाच्या जागी सहज बसवता येतो.

## पाच आकडे, आणि त्यांतले तीन

चयापचय बिघडलंय का, हे पाच मापांवर ठरतं. कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर किंवा जास्त, बायकांत ८० किंवा जास्त. बीपी १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, १५० किंवा वर. आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४० पेक्षा आणि बायकांत ५० पेक्षा कमी. पाचपैकी तीन बिघडले की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. कंबरेचे हे आकडे आपल्याकडच्या लोकांसाठीचे आहेत, युरोपीय लोकांसाठी ते जास्त असतात.

शिबिरात बहुतेकांचं लक्ष फक्त साखरेवर असतं. पण ९६ कंबर, १३६/८८ बीपी आणि १९० ट्रायग्लिसराइड असलेल्या माणसाची साखर ९४ आली, तरी तो या व्याख्येत बसतो. त्याला ‘शुगर नाही’ म्हणून परत पाठवणं ही चूक आहे. त्याच्याकडे तर सुधारायला अजून वेळ आहे.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठा म्हणजे उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ५.७ ते ६.४. कामाच्या जागी चालणाऱ्या कार्यक्रमाने सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते याच लोकांकडे.

## शिबिर कुठे फसतं

पहिली चूक वेळेची. सकाळी साडेसातला पंच करून आलेल्या माणसाने पोहे खाल्लेले असतात, दोन चहा झालेले असतात, आणि अकराला बोटातून रक्त घेऊन ‘रँडम शुगर १४८’ लिहून देतात. या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. उपाशीपोटी तपासणी म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही, तंबाखूची चिमूटही नाही. ट्रायग्लिसराइडसाठी दहा-बारा तास उपाशी राहिलेलं बरं. म्हणून रक्त पहिल्या शिफ्टच्या गेटवरच घ्यावं आणि देऊन झाल्यावर लगेच नाश्ता द्यावा. नाइट करून आलेल्याचं रक्त सकाळी सातला घेऊ नये. रात्रभर जागून, मध्ये खाऊन दिलेलं रक्त त्याची खरी साखर दाखवत नाही. त्याला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी बोलवावं.

दुसरी चूक कंबरेची. ‘पँट किती नंबरची?’ असं विचारून चालत नाही, कारण पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली घालतो आणि वीस वर्षं ३४ नंबरच सांगतो. शर्ट वर घ्यायचा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप लावायची, ती चारी बाजूंनी जमिनीला समांतर हवी, आणि सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढू द्यायचं नाही. बायकांसाठी वेगळा आडोसा आणि मोजायला बाईच हवी, नाहीतर त्या कपड्यांवरूनच मोजून घेतात आणि आकडा चुकतो.

बीपीचंही तसंच. रांगेत उभ्या माणसाला ओढून खुर्चीत बसवलं आणि पट्टा बांधला की दहा-पंधरा आकडे वर दिसतात. आधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर, तासाभरात चहा-तंबाखू नाही. दोनदा मोजा, मध्ये एक-दोन मिनिटं सोडा. फिटर-वेल्डरच्या जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तरी बीपी जास्त येतं, म्हणून मोठा पट्टा सोबत ठेवा.

एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे शिबिरात ती सोयीची. पण शरीरात लोह कमी असेल तर ती खोटीच वाढलेली दिसू शकते. सिकलसेलसारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ती खोटी कमी येऊ शकते, आणि नांदेडच्या किनवट-माहूर या आदिवासी भागातून आलेल्या कामगारांत हे विशेष ध्यानात ठेवावं. म्हणून हिमोग्लोबिन सोबत पाहावं, आणि एचबीए१सी आणि उपाशीपोटीची साखर जुळत नसतील तर साखरेवर भरवसा ठेवावा.

चाळिशीची अट कायद्यातली आहे, शरीराला ती लागू नाही. सरकारच्या राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमातही तपासणी तिशीपासून होते. शक्य असेल त्या कंपनीने तिशीचीच रेषा धरावी.

आणि सगळ्यात मोठी चूक, पाकीट हातात देऊन मोकळं होणं. इंग्रजीतले चौदा आकडे आणि दोन लाल बाण पाहून माणूस एकतर घाबरतो किंवा पाकीट पुन्हा उघडत नाही. रिपोर्टसोबत पाच मिनिटं समोर बसून बोलणारं कोणीतरी हवं, आणि पुढच्या भेटीची तारीख त्याच वेळी लिहून द्यायला हवी.

## रिपोर्टनंतरचे सहा महिने

रिपोर्ट आल्या दिवशी यादीचे चार भाग करा. बीपी १८०/१२० च्या पुढे, किंवा साखर ३०० च्या पुढे आणि सोबत खूप तहान, उलट्या, थकवा, असा माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला पाहिजे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा वर, त्याची तपासणी दोन आठवड्यांत पुन्हा करून घ्या. काही त्रास नसताना एकाच आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत. नक्की झालं की डॉक्टरांकडे पाठवा. उंबरठ्यावरचे आणि पाचपैकी तीन बिघडलेले सहा महिन्यांच्या कार्यक्रमात येतात. बाकीच्यांना पुढच्या वर्षी बोलवा.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असलेल्यांना ईएसआयसी, म्हणजे कामगारांची सरकारी आरोग्य विमा योजना, लागू असते आणि तिथे औषधं मिळतात. अडचण त्याच्या वरच्या पगारदाराची होते. कंपनीचा मेडिक्लेम सहसा अॅडमिट झाल्यावरच चालतो, रोजच्या गोळीला नाही. अशा माणसाला जवळच्या सरकारी दवाखान्याची किंवा आयुष्मान आरोग्य मंदिराची वाट दाखवून द्या, तिथे बीपी-शुगरची तपासणी फुकट होते.

सहा महिन्यांचा कार्यक्रम म्हणजे काय? पंधरा-वीस जणांचा गट, आठवड्यातून एकदा अर्धा तास, कामाच्या वेळात. सुट्टीनंतर ठेवला तर बस निघून जाते आणि तिसऱ्या आठवड्यात खोली रिकामी पडते. गटात आहार, चालणं, चहा, तंबाखू, झोप, एका वेळी एकच विषय घ्या. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार असतील तर तो गट हिंदीत चालवा. घरी स्वयंपाक करणाऱ्या माणसाला एकदा तरी बोलवा, कारण डब्यात काय येतं ते तिथे ठरतं.

## कॅन्टीन: सगळ्यात जास्त फरक इथे पडतो

जुन्या कारखाना कायद्यात २५० पेक्षा जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन सक्तीचं होतं, नव्या संहितेत ही मर्यादा १०० वर आली आहे. म्हणजे आता अनेक ठिकाणी कॅन्टीनचे करार नव्याने लिहिले जातील. हीच वेळ आहे.

तेलापासून सुरू करा, कारण ते मोजणं सर्वांत सोपं आहे. समजा दोनशे माणसं एक वेळ जेवतात आणि १५ किलोचा डबा तीन दिवसांत संपतो. म्हणजे ६०० ताटांना १५,००० ग्रॅम, ताटामागे २५ ग्रॅम. एका माणसाने दिवसभरात खावं असं तेल साधारण २० ते ३० ग्रॅम, आणि ते इथे एकाच जेवणात गेलं. नाश्ता आणि घरचं रात्रीचं जेवण अजून बाकीच आहे. ताटामागे १० ते १२ ग्रॅम असं ठरवलं तर तोच डबा सहा-सात दिवस पुरतो. यासाठी आहारतज्ज्ञ लागत नाही, स्टोअरची वही लागते. डबा उघडल्याची तारीख आणि ताटांची संख्या, दोनच रकाने. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा वापरलं जातंय का, तेही बघा. अन्नसुरक्षा नियमांनुसार तेलातले खराब झालेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरता येत नाही, आणि हे मोजायचं छोटं यंत्र मिळतं.

दुसरं वरण. दोनशे ताटांना पाच किलो डाळ टाकली तर ताटाला २५ ग्रॅम येते आणि वरणातून वाटीचा तळ दिसतो. तीच दहा किलो टाका, ताटाला ५० ग्रॅम डाळ म्हणजे साधारण ११ ग्रॅम प्रथिनं. पोट भरलेलं राहतं आणि चौथी चपाती आपोआप सुटते. तुरीच्या मुलखात कामगाराला पातळ पाणी वाढायचं, हे मनाला पटत नाही. आठवड्यातून तीनदा मटकी, हरभरा, चवळीची उसळ ठेवा. बटाट्याचा रस्सा आठवड्यातून एकदाच पुरे, तो भातासारखाच पिठूळ आहे. कच्ची काकडी, मुळा, गाजर, कांदा मिळून ताटाला १०० ग्रॅम हवं, आणि ते काउंटरच्या सुरुवातीला मांडा, भात शेवटी. आधी भाजी-डाळ पोटात गेली आणि भात-पोळी मागून आली तर जेवणानंतरची साखर कमी चढते.

आता ज्वारी. ‘भाकरी सुरू करा’ असं म्हणणं सोपं आहे, पण कॅन्टीनला ती का नको असते हे समजून घ्या. चपाती मशीनवर लाटता येते, भाकरी हातावरच थापावी लागते, आणि तासाभरात ती कडक होते. म्हणून जवळच्या बचत गटाकडून आठवड्यातून दोनदा मागवा, जेवणाच्या वेळेच्या आधी तासाभरात भाजलेली, कापड घातलेल्या डब्यात. हे जमलं की दिवस वाढवा. मात्र एक समज दूर करायला हवा. भाकरी म्हणजे शुगरवरचं औषध नव्हे. मोठ्या भाकरीत ७०-८० ग्रॅम पीठ सहज जातं, आणि ठेच्यासोबत चार भाकरी खाल्ल्या तर ते तीनशे ग्रॅम पीठच आहे. दोन भाकरी, दाट वरण, पालेभाजी, वाटीभर ताक, असं ताट हवं.

चहा. शंभर कपांना एक किलो साखर लागत असेल तर कपाला १० ग्रॅम. चार कप म्हणजे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ च्या आत असेल तर आणखी चांगलं. एकदम अर्धी केली तर आरडाओरडा होतो. दर पंधरा दिवसांनी शंभर कपांमागे शंभर ग्रॅम कमी करा, अडीच महिन्यांत ती निम्म्यावर येते आणि तोपर्यंत जीभही सरावते. मशीनचा चहा असेल तर प्रीमिक्स बिनसाखरेचं मागवा, कारण साखर पुडीतच मिसळलेली असेल तर वरून काही करता येत नाही. चहासोबतच्या बिस्किटाच्या जागी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे.

उपवासाचा दिवस विसरू नका. गुरुवार-एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि गोड लस्सी एवढंच मिळालं, तर शुगर असलेल्या माणसासाठी तो आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस ठरतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी, एक फळ असा पर्याय ठेवा. भगर स्वच्छ निवडलेली आणि ताजी घ्या, जुन्या, ओल लागलेल्या भगरीच्या पिठाने विषबाधा होते. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्या आणि शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या कामगारांनी महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून डोस आणि वेळा बदलून घ्याव्यात.

शेवटी दर. ताटाचा दर तोच ठेवून डाळ दुप्पट मागितली तर ठेकेदार ती भात आणि बटाट्यातून वसूल करतो. तेल-साखरेतून वाचलेले पैसे डाळ-भाजीला द्या, उरलेला फरक कंपनीने सोसावा, आणि करारात पदार्थांची नावं लिहिण्यापेक्षा ग्रॅम लिहा. कॅन्टीन समितीतल्या कामगार प्रतिनिधीला महिन्यातून एकदा न सांगता ताट काट्यावर ठेवायचा अधिकार द्या.

## शिफ्ट आणि अर्ध्या तासाची सुट्टी

पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती हा जुना नियम. त्यातली पंधरा मिनिटं रांगेत गेली आणि बारा जेवणात, तर चालायला उरतात तीन. म्हणून ‘जेवणानंतर चाला’ असा बोर्ड लावण्याआधी वाढण्याचा दुसरा काउंटर उघडा किंवा विभागांची सुट्टी दहा-दहा मिनिटांनी पुढे-मागे करा. रांग पाच मिनिटांवर आली की दहा मिनिटं चालणं जमतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा हे चालणं शेडखाली किंवा शॉपच्या, म्हणजे कारखान्यातल्या विभागाच्या, आतल्या पिवळ्या पट्ट्यांमधून ठेवा. ऑफिसात बसून काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या-पाऊण तासाला उठून दोन-तीन मिनिटं फिरावं.

रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही, कारण शरीरातलं घड्याळ त्या वेळी झोपेच्या कामाला लागलेलं असतं. अमेरिकेत २०२१ मध्ये १९ जणांवर झालेल्या एका प्रयोगात रात्रपाळीसारखं जागवलेल्या लोकांपैकी ज्यांनी रात्री खाल्लं त्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, ज्यांनी फक्त दिवसा खाल्लं त्यांची वाढली नाही. प्रयोग छोटा आहे, पण कॅन्टीनला दिशा देतो. नाइटवाल्याने मुख्य जेवण कामावर येण्याआधी करावं. मध्यरात्रीनंतर भात-भाजीचं पूर्ण ताट न देता उसळ, उकडलेलं अंडं, ताक, फुटाणे ठेवावेत. शेवटचा चहा तीनच्या आत. शिफ्ट बदलताना फर्स्ट, मग सेकंड, मग नाइट असा क्रम शरीराला सोपा जातो, उलटा क्रम जड जातो.

गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत एक धोका सांगायलाच हवा. काही गोळ्यांमुळे जेवण चुकलं किंवा काम जास्त झालं तर साखर एकदम घसरते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बडबड. प्रेस किंवा क्रेनवर हे जिवावर बेतू शकतं. प्रत्येक शॉपच्या प्रथमोपचार पेटीत साखरेच्या पुड्या ठेवा, सुपरवायझरला लक्षणं शिकवा. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

जालन्याच्या भट्ट्यांसमोर काम करणाऱ्यांना उन्हाळ्यात सरबत आणि कोल्ड्रिंक वाटायची पद्धत आहे. हेतू चांगला, पण दिवसाला दोन बाटल्या म्हणजे साखरेचा डोंगर. त्याऐवजी थंड पाणी आणि मीठ घातलेलं पातळ ताक द्या. बीपी असलेल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारून घ्यावं.

## ‘आमचा माणूस दिवसभर उभा असतो, त्याला कसला व्यायाम?’

मशीनसमोर एका जागी आठ तास उभं राहिल्याने पाय दुखतात, शिरा फुगतात, पण मांडीचे मोठे स्नायू फारसे वापरले जात नाहीत. साखर ओढायला ते वापरले जायला हवेत. उठाबशांसारखी हालचाल, जिना, भरभर चालणं यांनी ते होतं. माल वाहणाऱ्या हमालाची गोष्ट वेगळी. त्याला व्यायामाची नव्हे, नीट जेवणाची आणि झोपेची गरज आहे. सगळ्यांना एकच दहा हजार पावलांचं अॅप वाटण्यात अर्थ नाही.

## ‘तो तर काडीसारखा आहे’

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के निघाली. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. त्यामुळे फक्त वजनावरून माणसं निवडू नका, कंबर मोजा. आणि वजन घटवायची स्पर्धा लावू नका. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासात उंबरठ्यावरचे जे लोक तसेच राहिले त्यांच्यापैकी तीन वर्षांत ५५ टक्के मधुमेही झाले, आणि आहार-चालणं बदललेल्यांपैकी ३९.३ टक्के. वजन फारसं न घटताही हा फरक पडला.

## ‘परदेशात असे कार्यक्रम फसलेत ना?’

फसलेत, आणि ते लपवू नये. अमेरिकेतल्या दुकानांच्या एका मोठ्या साखळीत १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला, त्यातल्या २० ठिकाणी कार्यक्रम चालवला गेला. दीड वर्षाने तिथले लोक ‘आम्ही जास्त व्यायाम करतो’ म्हणाले, पण बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, वजन यांत लक्षणीय फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठातल्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातही उपचारांचा खर्च कमी झाला नाही. आपल्याकडे मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या औद्योगिक वसाहतींच्या अभ्यासात काही वर्षांनी कंबर, बीपी, साखर घटलेली आढळली, आणि जिथे कार्यक्रम नव्हता तिथे ती वाढली. तिथे सगळ्यांसाठी जनजागृती होती आणि जास्त धोका असलेल्यांकडे वेगळं लक्षही होतं. यावरून एवढंच म्हणता येतं की नुसती माहिती आणि बक्षिसं पुरत नाहीत. एक-दोन वर्षांत मेडिक्लेमचा हप्ता उतरेल असं संचालकांना सांगून कार्यक्रम विकू नका. तो उतरला नाही की दुसऱ्या वर्षी कार्यक्रमच बंद होतो.

## ‘रिपोर्ट वाईट आला तर काढून टाकतील’

ही भीती खरी आहे, विशेषतः ठेकेदाराच्या हाताखाली असलेल्यांची. म्हणूनच ते शिबिराच्या दिवशी सुट्टी घेतात. उपाय एकच: नावासह रिपोर्ट फक्त त्या माणसाला आणि डॉक्टरांना. व्यवस्थापनाला फक्त बेरीज, किती जणांची कंबर ९० च्या वर, किती जणांचं बीपी वाढलेलं. आठ-दहा जणांच्या विभागाची बेरीजही वेगळी देऊ नका, नाव आपोआप कळतं. क्रेन किंवा फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांची फिटनेस तपासणी वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर व्हावी. आणि कंत्राटी कामगार पहिल्या दिवसापासून यादीत हवेत. एकाच कॅन्टीनमध्ये जेवणाऱ्या अर्ध्या माणसांना वगळून काहीही सुधारत नाही.

## तीस माणसांचं वर्कशॉप असेल तर

वाळूजमधल्या छोट्या जॉबवर्कच्या शेडमध्ये ना कॅन्टीन, ना नर्स. तिथेही कंबर मोजायची टेप, चांगलं बीपीचं यंत्र आणि चहावाल्याशी साखरेबद्दल स्पष्ट बोलणं एवढ्यावर सुरुवात होते. शेजारच्या पाच-सहा शेडनी मिळून महिन्यातून एकदा डॉक्टर बोलवावा आणि तिशीच्या पुढच्यांना सरकारी तपासणीला पाठवताना अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा द्यावी. रोजंदारी बुडणार असेल तर फुकट तपासणीलाही कोणी जात नाही.

वर्षाने हिशेब मांडताना तीच माणसं, तोच महिना, तेच यंत्र ठेवा. दिवाळीनंतर मोजलेली कंबर उन्हाळ्यात मोजलेल्या कंबरेशी ताडून पाहिली तर कार्यक्रम उगाच यशस्वी दिसेल. मध्येच सोडून गेलेल्यांची संख्याही वेगळी लिहा, कारण सगळ्यात जास्त बिघडलेली माणसंच बहुधा आधी गळतात, आणि उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारलेली दिसते.